वैद्यबुवा रक्तपित्त म्हणाले होते

पायांवर पहिले ठिपके दिसले तेव्हा मी सगळा दोष ढेकणांना दिला. खाट अंगणात काढली, तिच्या सांध्यासांध्यांत कढत पाणी ओतले. एकही ढेकूण निघाला नाही, तरी माझा हेका कायम. मोहरीच्या दाण्याएवढे लाल ठिपके. खाज नाही, दुखणे नाही, बोटाने दाबले तरी फिके होत नाहीत. आता ढेकूण चावला तर खाजायला नको का? पण हा विचार तेव्हा सुचेल तर शपथ!

हे सगळे आता लिहायला बसले आहे ते दुखणे मिरवायला नव्हे. आमच्या कल्याणात काय नि ठाण्यात काय, असले डाग बायका अजून पदराखाली झाकतात. मीही झाकले. झाकून काय झाले ते एखादीच्या कानावर गेले तरी पुष्कळ.

घरात आम्ही चार माणसे. सासूबाई, मी, नुकती बोलायला लागलेली माझी चिमी, आणि आमची स्वारी. स्वारी म्हणजे चिमीचे वडील. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, आणि उखाणा घ्यायला हे काही हळदीकुंकू नव्हे. ते ठाण्याच्या कचेरीत कारकून होते, आगगाडीने जाऊन येऊन करीत. पाऊस ओसरला की खाडीकाठी हिवताप बोकाळायचा, घरटी एक माणूस गोधडीत कुडकुडत असायचे. म्हणून त्या वर्षी स्वारींनी ठाण्याहून सरकारी कोयनेल, म्हणजे क्विनीन, आणले. ती पांढरी पूड गुळात वळून त्याच्या गोळ्या करायचे नि सकाळी पेज घेण्याआधी आम्हा दोघी बायकांच्या तळहातावर स्वतः एकेक ठेवायचे. चिमी लहान म्हणून तिला सूट. गूळ विरघळला की जिभेवर असले कडू जहर उतरायचे की सासूबाई रोज सरकारच्या नावाने बोटे मोडायच्या. ताप मात्र आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही, याचा स्वारींना कोण अभिमान!



ठिपक्यांमागून निळे डाग आले. कासाराने बांगड्या भरल्या तर मनगट जांभळासारखे काळेनिळे झाले. उखळाची कड मांडीला नुसती लागली तर तिथे तळहाताएवढा डाग. शेजारच्या यमुनाकाकूंनी विहिरीवर माझा दंड पाहिला आणि आवाज खाली आणून विचारले, "काय गं, हात उचलतात की काय?"

"छे हो काकू! त्यांना डास मारायचा तर जिवावर येते."

"हो, हो. सगळ्याजणी असेच सांगतात."

मी घागर उचलून घरी आले ती रडत. मार खाल्ला नव्हता नि मार खाल्ल्याची लाज मात्र पदरात पडली होती.

पुढे दात घासताना चुळीत रक्त येऊ लागले. नाकातून आले. आणि लिहायला लाज वाटते, पण त्यासाठीच लिहायला बसले आहे तर लिहिते: त्या महिन्यात मी बाहेरची झाले ती आत यायचे नावच नाही. नेहमीचे दिवस उलटले, तरी रक्त थांबेना. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे काजवे, आणि कानांत सारखे घुं घुं. शेवटी सासूबाईच स्वारींना म्हणाल्या, "हिला ठाण्याला ने बाबा. हे काही मला बरे दिसत नाही."

ठाण्याचे डॉक्टर वयस्कर होते, बोलायला मवाळ. त्यांनी माझ्या हिरड्या पाहिल्या, पाय पाहिले, दंडावर बोट दाबून पाहिले. मग स्वारींना विचारले, "काही औषध चालू आहे का?"

"नाही. काहीच नाही," स्वारी म्हणाले.

मीही मान हलवली. खोटे सांगायचे कुणाच्या मनात नव्हते. औषध म्हणजे आजाऱ्याने घ्यायचे ते. कोयनेल आम्ही निरोगी माणसे घेत होतो. ते आमच्या लेखी पेजेसारखे, दंतमंजनासारखे. त्याला औषध कोण म्हणणार?

डॉक्टर म्हणाले, "रक्त कातडीखाली झिरपते आहे. याला इंग्रजीत नाव आहे, पण नाव ठाऊक असले म्हणून कारण ठाऊक आहे असे नाही." त्यांचा हा खरेपणा मला तेव्हा आवडला नाही. डॉक्टरने छातीठोक बोलावे असे वाटले. त्यांनी लोखंडाचे थेंब दिले. दात काळे पडू नयेत म्हणून ते नळीने ओढायचे. रोज लिंबाचा रस सांगितला. आणि टर्पेंटाइन! सुतार रंगात घालतो तेच. मी स्वारींना म्हटले, "मला बरी करायची आहे की रंगवायची आहे?" परतीच्या गाडीत पारसिकचा बोगदा येईपर्यंत आम्ही दोघे हसत होतो. बोगद्याच्या अंधारात मला रडू फुटले. स्वारींनी माझा हात धरला. उजेडात असता तर धरला नसता.



डॉक्टर झाले, आता सासूबाईंचा मान. त्यांनी मोहन्याहून वैद्यबुवांना बोलावणे धाडले. बुवा बैलगाडीतून उतरले, नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे रक्तपित्त. दूर्वांचा रस, अडुळशाचा रस, कोहळ्याचा पाक. तिखट बंद, आंबट बंद."

"पण डॉक्टरांनी लिंबू सांगितले आहे," मी म्हटले.

"मग डॉक्टरलाच बोलवायचे होते!"

त्यांनीही विचारले, दुसरे काही घेता का? आम्ही थेंबांचे सांगितले, टर्पेंटाइनचे सांगितले. कोयनेलचे कुणाच्या मनातही आले नाही.

आमच्या परसाच्या दाराशी त्या वेळी यमुनाकाकू ताकाचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. वैद्यबुवा रक्तपित्त म्हणाले. काकूंनी रक्तपिती ऐकले. रक्तपिती म्हणजे महारोग! ताक तिथेच ठेवून बाई पसार. दिवे लागायच्या आत आळीभर झाले. पाणक्याने घागरी ओट्याखालीच उतरवल्या. रोज चिमीशी खेळायला येणारी पोरे आलीच नाहीत.

सासूबाई ओटीवरून आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "खरे सांगा मला. काय म्हणाले बुवा?"

स्वारींनी समजावले. पित्त वेगळे, पिती वेगळी. एकात रक्त वाहते, दुसऱ्यात बोटे झडतात. पाटीवर दोन्ही शब्द लिहून दाखवले. "आई, हे बघ, इथे दोन त एकत्र आहेत. आणि इथे एकच त, त्याला वेलांटी."

"तुझ्या वेलांट्या तुझ्यापाशी," सासूबाई म्हणाल्या. "मला वाचता येत नाही आणि आळीलाही येत नाही. आणि बुवांनी सांभाळून घेण्यासाठी शब्द फिरवला नसेल कशावरून?" मग माझ्याकडे न बघता त्यांनी चिमीला माझ्या मांडीवरून उचलले. "पोरीला हात लावू नकोस. तुझ्या पाया पडते, पण हात लावू नकोस."

मी स्वारींकडे पाहिले. ते म्हणाले, "थोडे दिवस. आईच्या मनाचे समाधान होईपर्यंत."

इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही. शिकलेला नवरा, पाटीवर शब्द लिहून दाखवणारा, नि शेवटी पाठच फिरवली! मी म्हटले, "आईच्या मनाचे झाले. माझ्या मनाचे?" त्यांनी पाटी पुसून टाकली. आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली.



पडवीत चटई, पाण्याचे मडके, माझे वेगळे ताट. जेवण सासूबाई लांबून वाढायच्या. डॉक्टरचे थेंब आणि बुवांचा रस तेवढा उंबऱ्यावर ठेवला जाई. मधल्या कुडापलीकडून चिमीचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी ती "आई कुठे, आई कुठे" करून रडली. मग रडणे कमी झाले, आणि ते मला जास्त लागले. मला मरणाची भीती होती, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी भीती ही की मी जगेन, अशीच पडवीत जगेन, आणि माझी पोर कुडापलीकडे दुसऱ्या कुणाला तरी आई म्हणायला शिकेल. यमुनाकाकूंनी स्वारींच्या दुसऱ्या लग्नाचे सूतोवाच केलेही होते, अगदी माझ्या कानावर पडेल अशा बेताने.

त्यांचाच दुसरा सल्ला जळवांचा. नासके रक्त ओढून घेतले की रोग हटतो म्हणे. न्हावीण जळू घेऊन आली, पोटरीला एक लावली. जळू पोट भरून सुटून पडली, पण रक्त काही सुटेना. सकाळी लावलेल्या जळवेचा चावा जेवणवेळ उलटली तरी वाहतच होता. तुरटी झाली, हळद झाली, जळक्या कापसाची राख झाली. न्हावीण घाबरून निघून गेली. सासूबाई उंबऱ्यापलीकडे उभ्या राहून "दाब, दाब" म्हणत होत्या. माझ्या हातात जोर नव्हता.

आणि मग त्या आत आल्या. लुगड्याचा पदर खोचला, माझ्या पोटरीवर चिंधी ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून बसल्या. किती वेळ कोण जाणे. त्यांची मनगटे रक्ताने माखली होती, आणि त्या मला, "मेल्या त्या यमुनेला अक्कल नाही, नि मला तरी कुठे होती" असे म्हणत होत्या. रक्त थांबल्यावर विहिरीवर जाऊन त्यांनी डोक्यावरून स्नान केले. पण त्या दिवसानंतर जेवण लांबून वाढले नाही. ताट हातात देऊ लागल्या, आणि जवळच भिंतीला टेकून बसू लागल्या.

त्यानंतर काय झाले ते देवालाच माहीत, असे तेव्हा आम्ही म्हणत होतो. नवे ठिपके येईनात. चुळीचे पाणी स्वच्छ आले. बाहेरचे रक्तही थांबले. निळे डाग हिरवे झाले, मग पिवळे. बुवा म्हणाले, दूर्वांचा गुण. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, लोखंडाचा. दोघेही आपापल्या जागी खूश, आणि मी तर आभाळात! बुवांनी आळीच्या तोंडाशी गाडी उभी करून सगळ्यांना ऐकू जाईल असे बजावले, "रक्तपिती अशी दूर्वांच्या रसाने जाते का हो कुठे? मी रक्तपित्त म्हणालो होतो, रक्तपित्त! कान धुवा आधी!"

सासूबाईंनी स्वतः चिमीला आणून माझ्या मांडीवर ठेवले. पोरगी जरा वेळ अनोळख्यासारखी बघत राहिली. मग तिने माझ्या दंडावरचा पिवळा डाग बोटाने टोकरला आणि विचारले, "हळद?"

"हो गं बाई, हळद," मी म्हटले, नि रडत रडत तिचे मुके घेतले.



दुसऱ्या दिवशी सकाळी मी माजघरात सगळ्यांबरोबर बसले. स्वारींनी मोठ्या आनंदाने माझ्या तळहातावर गोळी ठेवली. मी गिळली.

संध्याकाळी चिमीला भरवताना मला हुडहुडी भरली. कानांत घुं घुं सुरू झाले. तोंडात काही टोचले म्हणून जीभ फिरवली तर गालाच्या आत काळे फोड, रक्ताने भरलेले. पदराने तोंड पुसले तो पदर लाल. पायांकडे पाहिले, मोहरी पुन्हा पेरली गेली होती, या वेळी गुडघ्यांच्या वरपर्यंत. चिमीचा घास माझ्या हातात तसाच राहिला. मी तिला स्वतःच सासूबाईंच्या पुढ्यात ठेवले, आणि म्हटले, "हिला सांभाळा हो. मी काही आता राहत नाही."

खरेच वाटले होते तसे. पण आडवी पडल्यावर त्या घुं घुं आवाजाने डोके उठले, आणि त्याचाच मी विचार करू लागले. हा आवाज मला नवा नव्हता. सारा भाद्रपद, आश्विन तो माझ्या कानांत होता. पडवीत मात्र नव्हता. पडवीत मला चिमीचे पाऊल कुडातून ऐकू यायचे, इतके कान मोकळे होते. मग माजघरात असे काय आहे, जे पडवीत नव्हते? थेंब पडवीतही होते. रस होता. सासूबाईंच्या हातचे जेवण होते.

सकाळी स्वारी गोळी घेऊन आले. मी तोंड मिटून घेतले.

"अगं, आजारात तर जास्तच हवी. त्यात तापाची भर पडली तर?"

"मला ही नको. हिनेच मला असे होते."

"कोयनेलने? अगं, सारे जग घेते. मी घेतो, आई घेते. आम्हाला कुठे काय झाले?"

"तुम्हाला नाही होत. मला होते."

त्यांचा चेहरा पडला. "मी रोज स्वतःच्या हाताने दिली तुला," ते म्हणाले. "मी काय विष दिले?"

माणूस खरेच दुखावला होता, आणि माझ्या तोंडात बोलायलाही रक्त. तेवढ्यात सासूबाई दारातून म्हणाल्या, "विष म्हणत नाही कुणी. पण ती म्हणते ते खरे आहे. पडवीत तिला मीच देत होते ना सगळे? तुझी गोळी मी एकदाही नेली नाही. पडवीत पडलेल्या बाईला कसली गोळी, म्हणून नेलीच नाही. आणि तेव्हाच ती सुधारली." आणि वर, "हिचे डोळे बघ जरा. एवढ्यासाठी वाद घालशील?"

स्वारींनी गोळी मुठीत धरली, पगडी घातली आणि पेज न घेता ठाण्याची गाडी पकडली. डॉक्टरांनी म्हणे कपाळावर हात मारला. "अहो, मी विचारले होते, काही औषध चालू आहे का म्हणून!"

"साहेब, ते औषध कुठे? ते रोजचे."

डॉक्टर म्हणाले, असे आपण स्वतः पाहिलेले नाही. पण एखाद्याला एखादी गोष्ट मानवत नाही हे खरे. गोळी आजपासून बंद. टर्पेंटाइनही बंद करा, पोटाला उगीच त्रास. जळू तर स्वप्नातही नको. बाईंना निजून राहू द्या, मऊ खाऊ द्या, आणि वाट पाहा.

वाट पाहणे हे औषध सगळ्यांत कडू. त्या पहिल्या दिवसांत माझ्या पोटातूनही रक्त गेले. तोंडात मऊ भातसुद्धा टोचायचा. सासूबाईंनी कोहळ्याचा पाक भरवला, डाळिंबाचा रस चमच्याने घातला. या वेळी पडवी नव्हती. मी माजघरात मधोमध निजले होते, आणि चिमी माझ्या उशाशी भातुकली मांडून बसायची. कुणी आळीतले डोकावले तर सासूबाईच गरजायच्या, "रक्तपित्त आहे, पित्त! दोन त आहेत त्यात!" पाटीवरचे ते दोन त त्यांनी बरे लक्षात ठेवले होते.

ठिपके थांबले, विरले. पुन्हा आले नाहीत, कारण ती गोळी पुन्हा माझ्या ओठांना लागली नाही.



आता जिला असले डाग दिसतील तिला माझे एवढेच सांगणे. बाई गं, झाकू नकोस. कुणाच्या घरी शब्द चुकीचा पोहोचला तर तो लगेच सुधार, लाजू नकोस. आणि डॉक्टर असोत, वैद्य असोत, काय काय घेतेस असे त्यांनी विचारले तर सगळे सांग. रोजचे म्हणून जे मोजत नाहीस, तेच आधी सांग. दूर्वांनी मला गुण आला की लोखंडाने, ते मला ठाऊक नाही; कोहळ्याचा पाक मात्र गोड होता, आणि तेवढे गोड त्या दिवसांत लागत होते.

एक गोष्ट राहिली.

पुढल्या वर्षी आश्विनात चिमी तापाने फणफणली. हुडहुडी, घाम, पुन्हा हुडहुडी. बुवांचा काढा झाला, ताप हटेना. पोर पाण्याचा घोटही घेईना. ठाण्याचे डॉक्टर घरी आले आणि म्हणाले, "हिला कोयनेलच हवे. दुसरे काही नाही."

पोर माझी, रक्त माझे. मला जे मानवले नाही ते तिला मानवेल कशावरून? मी विचारले, तर डॉक्टर म्हणाले, "तसे सांगता येत नाही. पण या तापात वाट पाहता येणार नाही, हे सांगता येते."

स्वारींनी पूड मधात कालवली. त्यांनी चमचा उचलला तर थेंब चटईवर सांडले. माझ्याकडे बघायची त्यांची छाती होईना. त्यांनी चमचा सासूबाईंपुढे केला. सासूबाईंनी तो घेतला, नि माझ्याकडे वळवला.

"तू दे," त्या म्हणाल्या. "त्या वेळी मी तुला हिला हात लावू दिला नाही. आता तुझ्याच हाताने दे."

मी दिले. चिमीने तोंड वेडेवाकडे केले, थुंकायला पाहिले, मी हनुवटी धरून गिळायला लावले. मग तिचे पाय मांडीवर घेऊन बसले. उन्हे ओटीवरून अंगणात उतरली तरी मी तिची पावले, घोटे, पोटऱ्या चाचपत होते. एका घोट्यावर लाल ठिपका दिसला. बोटाने दाबला. तो फिका झाला. बोट काढले, पुन्हा लाल. चिमीने झोपेतच पाय ओढून घेतला आणि तो ठिपका खराखरा खाजवला.

"डास आहे हो," मी ओरडले. "डास चावलाय नुसता!"

स्वारी पंखा घेऊन डास हाकलायला उठले.

आणखी डोस गेले तेव्हा कुठे ताप उतरला. डोळे उघडून चिमीने पहिले काय मागितले तर गूळ. सासूबाई उठून डबा घेऊन आल्या, मोठा खडा फोडला, आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.